विकतच्या पफ शीटपासून फळं भरलेल्या पेस्ट्रीज: पहिल्याच खेपेत जमाव्यात म्हणून

पेस्ट्री म्हटलं की पुष्कळांना क्रीम लावलेला केकचा तुकडा आठवतो. इथे ती पेस्ट्री नाही. इथे बोलायचंय ते पापुद्र्यांच्या पेस्ट्रीबद्दल. बाहेरून खरपूस, चावली की पदर सुटून कपड्यांवर सांडणारी, आत फळांचं दाटसर गोड सारण. यातलं सगळ्यात किचकट काम म्हणजे कणीक आणि लोण्याचे पदर घालत बसणं. ते काम कारखान्यात झालेलं असतं आणि आपल्या हातात तयार शीट येते. मग राहतं काय? फळ शिजवायचं, भरायचं, भाजायचं. ऐकायला तासाभराचं काम.

मी पहिल्यांदा केल्या तेव्हा सफरचंदाच्या कच्च्या फोडी साखरेत घोळवल्या आणि सरळ शीटमध्ये भरल्या. ओव्हनमध्ये दहा मिनिटांत कडेनं रस वाहायला लागला, ट्रेवर जळून काळाकुट्ट झाला. वरून पेस्ट्री फोटो काढण्याजोगी दिसत होती. उलटून पाहिलं तर तळ ओल्या पुठ्ठ्यासारखा. पुढच्या दोन-तीन खेपाही अशाच गेल्या. शेवटी लक्षात आलं की घोळ सगळा पाण्याचा आहे.

गंमत अशी की पफ पेस्ट्री फुगते तीही पाण्यामुळेच. त्यात यीस्ट नसतं, बेकिंग पावडर नसते. कणकेचा पदर, लोण्याचा पदर, पुन्हा कणकेचा, अशी रचना असते. पारंपरिक पद्धतीत तीन पदरी घडी सहा वेळा घालतात, म्हणजे हिशेबानं लोण्याचे ७२९ पदर होतात. लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असतं, कणकेतही असतंच. ओव्हनच्या आचेनं त्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १६०० पट जागा मागते, आणि ती जागा करताना एकेक पदर उचलला जातो. हे पाणी आपलं. फळातून सुटणारं पाणी मात्र परकं. ते कणकेला आतून भिजवतं, आणि ओली कणीक, तिच्यातलं पाणी आटेपर्यंत, १०० अंशांच्या फारशी वर जात नाही. खरपूसपणा यायला त्याहून बरीच जास्त आच लागते. म्हणून तळ पांढरा आणि पचपचीत राहतो. पुढच्या सगळ्या सूचना पहिलं पाणी जपायच्या आणि दुसरं अडवायच्या आहेत.

शीट कोणती घ्यायची

पाकीट उलटून घटक वाचा. काही शीट लोण्याच्या असतात, काही वनस्पती तुपाच्या किंवा मार्जरीनच्या. लोण्याच्या शीटला चव आणि वास दोन्ही चांगले, पण लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं, त्यामुळे उन्हाळ्यात ती हातातच ढिली पडते. मार्जरीनची शीट हाताळायला सोपी, फुगतेही छान, पण खाताना टाळूला किंचित मेणचट लागते. पहिलीच खेप असेल आणि स्वयंपाकघर तापलेलं असेल तर मार्जरीनची घेतली तरी बिघडत नाही. हात बसला की लोण्याचीच घ्या.

फ्रीझरमधली शीट घेताना पाकीट चाचपून पाहा. कडा मोडलेल्या असतील किंवा आत बर्फाचे स्फटिक खुळखुळत असतील तर ती मधे कधीतरी वितळून पुन्हा गोठलेली असते. तिचे पदर एकमेकांना चिकटलेले असतात आणि ती मनासारखी फुगत नाही.

फिलोच्या कागदासारख्या पातळ शीट हा वेगळा प्रकार. त्यांच्या प्रत्येक थराला लोणी लावावं लागतं आणि त्या वाऱ्यानं वाळतात. हा लेख त्यांच्यासाठी नाही.

शीट सैल करणं

सगळ्यात चांगलं म्हणजे आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. आयत्या वेळी आठवण झाली तर ओट्यावर ३० ते ४० मिनिटं, उकाडा असेल तर त्याहून कमी. मायक्रोवेव्हच्या वाटेला जाऊ नका. तिथे कडा वितळतात, मधला भाग दगड राहतो.

शीट तयार झाली की नाही ते असं ओळखायचं: घडी हलक्या हातानं उघडा. न तडकता उघडली तर झाली. करकर वाजली, भेग पडली तर अजून पाच मिनिटं थांबा. उलट, उचलताना ती हातावर लोंबकळायला लागली किंवा बोटांना तुपकट लागली, तर वेळ टळलेली आहे. लगेच कागदासकट फ्रिजमध्ये टाका, १५ मिनिटांनी पुन्हा काढा. काम करताना मधेच शीट अशी ढिली पडली तरी हाच उपाय. "एवढं कापून घेते, मग ठेवते" असं म्हणायचं नाही. मी म्हटलंय, आणि लाटण्याला चिकटलेलं लोणी खरवडत बसलेय.

सारण: अर्धी लढाई इथेच

सारण आधी करायचं, कारण ते पूर्ण थंड व्हायला हवं. कोमट सारणही शीटमधलं लोणी वितळवतं. आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवलं तर उत्तम.

सुरुवात सफरचंदानं करावी, कारण ते चुका पोटात घालतं. ८ पेस्ट्रीजसाठी मध्यम आकाराची ३ सफरचंदं लागतात, म्हणजे साधारण ५०० ग्रॅम. आंबट-गोड आणि घट्ट जातीची घ्या. पिठूळ सफरचंदाचा लगेच लगदा होतो. सालं काढून १ सेंटिमीटरचे तुकडे करा. पसरट पॅनमध्ये १ मोठा चमचा लोणी तापवा, त्यात दोन तृतीयांश तुकडे, ३ मोठे चमचे साखर आणि चिमूटभर मीठ घाला. मीठ विसरू नका, त्याच्याशिवाय सारण नुसतं गोडमिट्ट लागतं. झाकण ठेवून मध्यम आचेवर ४ मिनिटं शिजवा. साखरेनं फळातलं पाणी बाहेर ओढलेलं असेल आणि तुकडे रसात तरंगत असतील. आता झाकण काढून ठेवायचं आणि पुन्हा ठेवायचं नाही. उरलेले कच्चे तुकडे घाला, आच किंचित वाढवा आणि रस आटू द्या. असे दोन टप्प्यांत तुकडे घातले की काही विरघळून गर होतो आणि काही दाताखाली येतात.

५-६ मिनिटांत रस बराच आटला की १ छोटा चमचा कॉर्नफ्लोअर १ मोठा चमचा थंड पाण्यात कालवून ओता आणि चांगली उकळी येऊ द्या. सगळ्यात जास्त घाई इथे होते. कॉर्नफ्लोअर घातल्या घातल्या मिश्रण दुधाळ दिसतं, मग दाटायला लागतं, आणि लोक तिथेच गॅस बंद करतात. पिठाच्या कणांना पुरतं फुलायला उकळीपर्यंतची आच लागते. अर्धवट शिजलं तर चवीला पीठ लागतं आणि ओव्हनमध्ये सारण पुन्हा पातळ होऊ शकतं. दुधाळपणा जाऊन काचेसारखी चकाकी आली, मोठे बुडबुडे फटफट करत फुटायला लागले, की त्यानंतर एक मिनिट मोजा.

मग गॅस बंद करून अर्धा छोटा चमचा दालचिनी पूड आणि २ छोटे चमचे लिंबाचा रस घाला. लिंबू शेवटीच, कारण आंबटात फार वेळ उकळलं तर कॉर्नफ्लोअरचा दाटपणा मोडतो.

झालं की नाही याची खूण: उलथन्यानं पॅनच्या तळावर मधोमध रेघ ओढा. रेघ दोन-तीन सेकंद तशीच राहून मग हळूहळू बुजली पाहिजे. लगेच रस धावत आला तर आणखी आटवा. शंका असेल तर चमचाभर सारण ताटलीत घालून फ्रिजमध्ये पाच मिनिटं ठेवा आणि ताटली तिरकी धरा. सारण जागचं हललं नाही तर पास.

बेरीवर्गीय फळांना पाणी जास्त. ३०० ग्रॅम फळांना ६० ग्रॅम साखर आणि दीड मोठा चमचा कॉर्नफ्लोअर लागतं. गोठवलेली असतील तर वितळवत बसू नका, तशीच पॅनमध्ये घाला. वितळवली की त्यांचा रंग आणि रस आधीच निघून जातो. स्ट्रॉबेरी एकटी घेतली तर चव जरा फिकी होते, तिच्यासोबत थोडं आंबट फळ हवंच.

आंब्याची रीत निराळी. आंबा फार शिजवला की त्याचा वास उडतो. म्हणून १ वाटी रसात १ मोठा चमचा कॉर्नफ्लोअर गार असतानाच कालवून, ढवळत उकळी आणून दाट करा. थंड झाल्यावर त्यात ताज्या आंब्याचे बारीक तुकडे मिसळा. अननसाचं उलट. तो बारीक चिरून उघड्या पॅनमध्ये पाणी पार आटेपर्यंत परता, घाई करू नका. पीच आणि प्लम सफरचंदासारखेच करायचे, फक्त वेळ निम्मा. केळ्याला तर शिजवणंच नको. चकत्या, वर थोडी ब्राऊन साखर किंवा चॉकलेटचा तुकडा, बस्स. कलिंगड, द्राक्षं, संत्री यांच्या नादी लागू नका.

जॅम भरला तर चालतो का? चालतो, पण दाट असेल तरच, आणि चमचाभरच. जॅम तापला की पातळ होतो आणि सापडेल त्या फटीतून बाहेर येतो.

कापणं आणि भरणं

पाकिटागणिक माप बदलतं, पण सुमारे २४ सेंटिमीटरची चौकोनी शीट धरली तर तिचे १२ सेंटिमीटरचे ४ चौकोन होतात. ८ पेस्ट्रीजना अशा दोन शीट. शीट मुळात जाड असेल तर एकदोनदा हलकं लाटणं फिरवा, कडेपर्यंत दाबून नको.

कापताना सुरी ओढायची नाही, वरून खाली दाबायची. ओढली की कडेचे पदर एकमेकांत दाबून चिकटतात आणि ती बाजू फुगत नाही. पिझ्झा कटर असेल तर त्यानं काम पटकन होतं.

पहिल्यांदा त्रिकोणच करा. चौकोनाच्या मधून एक तिरकी रेघ कल्पा आणि तिच्या एका बाजूला दीड ते दोन मोठे चमचे सारण ठेवा. कडेनं दीड सेंटिमीटर जागा कोरडी सोडा. चमच्यातून सारणाचा थेंब कडेवर पडला तर पुसून घ्या, कारण जिथे चिकटपणा लागला तिथे जोड सुटतो. दोन कडांना बोटानं पाण्याचा हलका हात लावा, दुसरी बाजू आणून टेकवा. आधी सारणाच्या अंगानं बोटांनी दाबत बाहेर या म्हणजे अडकलेली हवा निघेल. मग काट्यानं कडेवर ठसे उमटवा. वर टोकदार सुरीनं दोन-तीन चिरा द्या. सारणाच्या वाफेला ही वाट हवी, नाहीतर ती स्वतःची वाट काढते, आणि ती नेमकी जोडातूनच असते.

दोन चमचे सारण बघायला फारच थोडं वाटतं. तिसरा चमचा घालायचा मोह होतो. घालू नका. उरलेलं सारण खाणारं कुणी ना कुणी ओट्याशी उभंच असतं.

त्रिकोण जमले की पुढे उघडी पेस्ट्री करून बघा. चौकोनाच्या कडेपासून दीड सेंटिमीटर आत सुरीनं चौकट आखा, पण आरपार कापू नका. चौकटीच्या आत काट्यानं टोचे मारा. टोचलेला भाग खाली राहतो आणि कड भिंतीसारखी उभी राहते. इथे कच्चं फळही चालतं, कारण वरून उघडं असल्यानं पाण्याला उडून जायला वाट असते. तरी काप २-३ मिलिमीटरहून जाड नकोत, आणि साखर ट्रे ओव्हनमध्ये सरकवायच्या क्षणी भुरभुरवा. आधी घातली तर तेवढ्यातच पाणी सुटायला लागतं. फळाखाली चमचाभर बदामाची पूड किंवा बिस्किटाचा चुरा पसरला की उरलेला रस तो पितो. क्रीम चीज आवडत असेल तर १०० ग्रॅममध्ये २ मोठे चमचे पिठीसाखर फेटून त्याचा पातळ थर द्या.

भिरभिरं मुलांना करायला द्यावं. चारही कोपऱ्यांपासून मध्याकडे दोन तृतीयांश अंतरापर्यंत काप द्या, एकाआड एक टोक उचलून मध्यावर आणून दाबा, वर छोटा चमचाभर जॅम. टोकं भाजताना उघडतात, म्हणून दाबताना खाली पाण्याचा थेंब लावून अंगठा चांगला रोवा.

भरून झालं की ट्रे २० मिनिटं फ्रिजमध्ये. ही पायरी कंटाळ्यानं गाळली जाते. पण हाताळताना मऊ पडलेलं लोणी इथे परत घट्ट होतं. मऊ लोणी ओव्हनमध्ये पदर फुगायच्या आधीच वितळून ट्रेवर वाहून जातं, आणि मग पेस्ट्री तळल्यासारखी चपटी होते.

भाजणं

ट्रे फ्रिजमध्ये ठेवला की लगेच ओव्हन लावा. २०० अंश, पंखा चालू असेल तर १८०. किमान २० मिनिटं तापू द्या. आणखी एक रिकामा ट्रे ओव्हनमध्ये ठेवा आणि त्यालाही तापू द्या. पेस्ट्रीज बेकिंग पेपरवर असतील तर कागदासकट या तापलेल्या ट्रेवर सरकवता येतात. तळाला पहिल्याच मिनिटाला आच मिळते. ओला पुठ्ठा होण्याची शक्यता यानं जितकी कमी होते तितकी दुसऱ्या कशानं होत नाही.

आत घालण्याआधी वर ब्रश फिरवा. एक अंडं आणि १ मोठा चमचा दूध फेटून लावलं तर गडद, चकचकीत रंग येतो. अंडं चालत नसेल तर दोन चमचे साय किंवा दुधात पाव चमचा साखर विरघळवून लावा. चकाकी कमी येते, रंग चांगला येतो. कशानंही माखा, पण कापलेल्या उभ्या कडांवर ओघळू देऊ नका. तिथे ते गोंदासारखं काम करतं आणि ती कड वर उचलली जात नाही. पेस्ट्री एका अंगानं कलंडून फुगली तर बहुधा हेच कारण असतं.

एकूण २० ते २५ मिनिटं. पहिली १५ मिनिटं दार उघडू नका. छोट्या ओव्हनमध्ये वरची कॉइल फार जवळ असते, तिथे एक कप्पा खाली घ्या आणि वरून लवकर रंग चढला तर फॉइल सैल टाका. एअर फ्रायरमध्ये १८० अंशांवर १० ते १३ मिनिटं पुरतात. पण जोरदार हवेनं वरचा पदर उडतो, म्हणून तिथे बंद त्रिकोणच बरे.

घाबरून लवकर काढू नका. सोनेरी रंग आला म्हणजे झालं, असं वाटतं. त्याहून एक छटा गडद व्हायला हवं. उलथन्यानं एक उचलून तळ बघा: तो तपकिरी आणि कोरडा हवा. नखानं टिचकी मारली तर पोकळ, कोरडा आवाज यावा. आवाज मऊ असेल तर आणखी तीन मिनिटं.

निघाल्या की ट्रेवर ठेवू नका, जाळीवर काढा. ट्रेवर खालची वाफ अडकते आणि इतका वेळ जपलेला तळ दोन मिनिटांत मऊ पडतो. १५ मिनिटं कळ काढा. वरचा पदर कोमट लागतो तेव्हाही आतलं साखरेचं सारण जीभ भाजण्याइतकं कढत असतं.

गोड थर हवा असेल तर ६० ग्रॅम पिठीसाखरेत २-३ छोटे चमचे दूध घालून, चमच्यावरून रेघेसारखं पडेल असं मिश्रण करा आणि पेस्ट्री गार झाल्यावरच वर ओढा. गरमवर ओतलं तर ते विरघळून कडेनं पसरतं. मला स्वतःला नुसती पिठीसाखर भुरभुरवलेलीच आवडते.

ठेवायच्या असतील तर

त्या दिवशीच संपवणं सगळ्यात बरं. दुसऱ्या दिवशी पदर हवेतला ओलावा ओढून मऊ पडतात, पण १७० अंशांवर ६ ते ८ मिनिटं ठेवल्या की बऱ्याचशा सावरतात. मायक्रोवेव्हमध्ये नाही, तिथे चामड्यासारख्या होतात. क्रीम चीज घातलेल्या फ्रिजमध्येच ठेवा.

पाहुणे यायचे असतील तर कच्च्याच गोठवून ठेवणं माझ्या आवडीचं. ट्रेवर सुट्या ठेवून दोन-तीन तास कडक करा, मग पिशवीत भरा. महिनाभर छान राहतात. भाजताना वितळवू नका. वर दूध किंवा अंडं लावून थेट ओव्हनमध्ये, फक्त ५ ते ७ मिनिटं जास्त. यासाठी न गोठवलेली, नुसती थंडगार शीट मिळाली तर अधिक चांगलं. पाकिटावर "पुन्हा गोठवू नका" असं छापलेलं असेल तर ते पाळा आणि त्या भाजूनच संपवा.

कापताना पडलेल्या कडा आणि तुकडे राहतातच. त्यांचा गोळा करून मळू नका, पदर मोडतात. एकावर एक आडवे रचा, लाटणं फिरवा, बोटभर रुंद पट्ट्या कापून पिळा, दालचिनी-साखरेत घोळवा आणि त्याच गरम ओव्हनमध्ये १२ मिनिटं ठेवा. पेस्ट्रीज जाळीवर थंड होईपर्यंत हातात धरायला तेवढंच काहीतरी.